हाकेला न येणारा पिंगळ

शिरीषपुरात भद्रसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका कुंभाराच्या कुळात जन्म घेतला होता. त्याच्या शेजारी मणिदत्त नावाचा सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा प्रमुख, राहत असे. मणिदत्ताने पिंगळ नावाचा तांबूस कुत्रा पाळला होता. पिंगळ हाकेला येत नसे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारी, आणि एके सकाळी तो मालकाच्याच हाताला चावला.

मणिदत्ताने सेवकाला सांगितले, "याला रानात नेऊन मारून टाक."

बोधिसत्त्व कुंपणापाशी आला. "सार्थवाह, सात दिवस थांबा. हा का चावला, ते आपल्याला अजून कळलेले नाही."

"त्यात कळायचे काय? जातच वाईट आहे त्याची."

"असेलही. पण मला पाहू द्या."

मणिदत्ताने सात दिवस दिले. पहिले दोन दिवस बोधिसत्त्वाने काहीच केले नाही. चाक फिरवता फिरवता तो शेजारच्या अंगणाकडे पाहत राहिला. घरची बाई "इकडे ये" म्हणे, सेवक "चल रे" म्हणे, मणिदत्त नुसतेच नाव घेऊन ओरडे. पिंगळने उडी मारली की बाई हसून त्याला खाऊ देई, आणि त्याच उडीसाठी सेवक लाथ घाली. दुसऱ्या दिवशी पिंगळ रस्त्यावर पळाला. मणिदत्ताने पुष्कळ हाका मारल्या, तेव्हा तो परत आला. आल्याबरोबर मणिदत्ताने त्याच्या पाठीत काठी घातली.

बोधिसत्त्वाचे हात चाकावरच थांबले. या कुत्र्याच्या लेखी हाक म्हणजे काय असेल, असा विचार त्याच्या मनात आला.

तिसऱ्या दिवशी त्याने पिंगळला आपल्या अंगणात आणले. तूपभाताचा लहानसा घास तळहातावर घेऊन तो अंग वळवून जमिनीवर बसला आणि एकदाच म्हणाला, "ये." पुन्हा हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने पिंगळ आला, त्याच क्षणी त्याला घास मिळाला. त्याने उडी मारली की बोधिसत्त्व पाठ फिरवी. चारी पाय जमिनीवर टेकले की मान खाजवी. कुत्रा कंटाळण्याआधीच तो शिकवणे थांबवी. सहाव्या दिवशी पिंगळ मांजराचा पाठलाग सोडून त्या एका शब्दावर परतला.

सातव्या दिवशी मणिदत्त आला. "पिंगळ, ये," तो म्हणाला. पिंगळ कुंभाराच्या मागे लपला.

"तुझे ऐकतो, माझे का नाही?"

"माझ्याकडे आल्यावर त्याला कधी मार बसलेला नाही."

मणिदत्त हातातली काठी टाकून, भरजरी वस्त्रांनिशी धुळीत बसला. त्याने एकदा हाक मारली आणि वाट पाहिली. ऊन अंगणातून सरकत गेले. शेवटी पिंगळ सरपटत जवळ आला. कुरवाळायला मणिदत्ताने हात उचलला, तशी पिंगळने डोळे मिटून अंग जमिनीला चिकटवले.

मणिदत्ताचा हात तसाच राहिला. "माझा हात याला एवढाच ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. त्याने हात खाली घेऊन तळवा उघडा ठेवला. पिंगळने तो हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मग त्यावर हनुवटी टेकली.

त्यानंतर पिंगळ अकरा वर्षे त्या घरात सुखाने राहिला आणि कोणालाही चावला नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तुमच्यातला जो भिक्षू नव्या भिक्षूंना पाठ देताना रागावून बोलतो, तोच तेव्हाचा मणिदत्त होता. त्याच्यासमोर ज्या नव्या भिक्षूची वाचा बसते, तो पिंगळ होता. आणि तो कुंभार मी होतो." अशा रीतीने बोधिसत्त्वाने त्या जन्मी क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेचा गुण, पूर्ण केला.