नऊ बटणांचा स्वेटर

लोकरीचे विणकाम शिकवणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे एकदा एक शिष्या आली. तिचे नाव हेमांगी. वय चाळिशीच्या पुढचे, मुलगी कॉलेजात, पती श्रीनिवास शांत स्वभावाचा. हेमांगीच्या हातांत उपजत कौशल्य होते. कुणाच्या घरी पाळणा हलला की तिची टोपडी आणि मोजे पोहोचत, दिवाळीत भाच्यांना मफलर मिळत, शेजारणींच्या खांद्याला तिनेच शिवलेल्या पिशव्या दिसत. लोक म्हणत, हिच्या हाताला गुण आहे. ते ऐकायला तिला आवडे.

बाई ऐंशीच्या घरातल्या. त्या बोलत कमी आणि शिष्यांच्या हातांकडे पाहत अधिक.

हेमांगीच्या मनात एक काळजी होती. तिचे वडील, तात्या, तिच्या भावाकडे राहत. हयातभर त्यांनी हार्मोनियम दुरुस्त केल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. चालणे आणि बोलणे हळूहळू परतले, पण उजवा हात परतला नाही. बोटे मिटली ती मिटलेलीच राहिली. मागच्या हिवाळ्यात छातीत कफ साठून त्यांना बारा दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. या वर्षी छाती उघडी ठेवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. तात्या मात्र स्वेटर घालायला तयार नव्हते. भावाने आणलेले दोन स्वेटर कपाटात पडून होते. खांद्यावरची शाल सारखी घसरे, तरी ते तसेच बसून राहत. वहिनी स्वेटर घेऊन जवळ गेली की मान फिरवत.

"म्हातारपणाचा हट्ट आहे, दुसरं काही नाही," भाऊ म्हणे.

हेमांगीला वाटले, विकतच्या स्वेटरला लेकीची माया कुठली असणार? आपण विणलेला ते नाकारणार नाहीत. ती दोन महिने विणत राहिली. राखाडी लोकर, छातीवर वेणीची नक्षी, मनगटाशी घट्ट बसणारी बाही, आणि पुढे एका ओळीत नऊ नाजूक बटणे. स्वेटर पुरा झाला तेव्हा ती तो प्रथम बाईंकडे घेऊन गेली आणि तात्यांची सारी हकिगत सांगितली.

बाईंनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, काजांवरून अंगठा फिरवला.

"वीण उत्तम आहे," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी आणली. "उजवा हात पुढे कर."

हेमांगीने हात पुढे केला. बाईंनी तिची बोटे मिटवली आणि मुठीवर ती पट्टी घट्ट गुंडाळून गाठ मारली.

"बाई, हे कशासाठी?"

"आज झोपेपर्यंत सोडू नकोस. उद्या उठलीस की पुन्हा बांधून घे, हा स्वेटर अंगात घाल आणि माझ्याकडे ये. आणि एक लक्षात ठेव. घरचं कुणी मदतीला आलं, तर नको म्हणायचं नाही."

"पण तात्यांचा हात कसा आहे, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं बघतेय मी."

"असेल ठाऊक," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या शिष्येकडे वळल्या.

हेमांगी संभ्रमातच घरी आली. आपल्या स्तुतिप्रियतेची ही शिक्षा असावी, असे तिला वाटले. मग वाटले, विणीतच काही चूक असेल आणि ती आपण शोधावी अशी बाईंची इच्छा असेल. तिने टेबलावर स्वेटर पसरून डाव्या हाताने एकेक टाका तपासला. चूक सापडली नाही.

दुपारी कणीक मळता येईना. मुलगी हसत पुढे झाली आणि पोळ्या लाटून मोकळी झाली. जेवताना श्रीनिवासने तिच्या पोळीचे बारीक तुकडे करून ताटात ठेवले. संध्याकाळी मुलीने तिचे केस विंचरले आणि भांग भलत्याच बाजूला पाडला.

"अगं, माझा भांग इकडे नसतो."

"राहू दे गं आई, आजचा दिवस."

दुपारी या साऱ्याचे हेमांगीला हसू येत होते. संध्याकाळपर्यंत ते हसू ओसरले. घरात कुणीही तिच्याशी वाईट वागले नव्हते, उलट सगळे तिच्या दिमतीला होते. मग आपल्याला एवढे चिडायला काय झाले, हे तिला उमजेना.

दुसऱ्या दिवशी तिने मूठ बांधून घेतली आणि स्वेटर हाती धरला. बांधलेली मूठ बाहीच्या मनगटाशी अडली. बाही दातांनी ओढून तिने मूठ कशीबशी बाहेर काढली. मग बटणे. पहिले बटण बऱ्याच वेळाने काजात शिरले, दुसरे शिरेचना.

"थांब, मी लावतो," श्रीनिवास म्हणाला. तो समोर उभा राहिला आणि चहाबद्दल काहीबाही बोलत त्याने भराभर सारी बटणे लावली. शेवटचे लावून त्याने वर पाहिले, तेव्हा हेमांगीने मान फिरवली होती.

बाईंकडे पोहोचताच ती म्हणाली, "बाई, समजलं मला. बाही अरुंद आहे आणि बटणं बारीक आहेत. मी बदलते."

"ते आहेच. पण तेवढंच असतं, तर दहा मिनिटांत कळलं असतं. मी दिवसभर हात का बांधायला लावला?"

हेमांगी पुन्हा गोंधळली. "नाही सांगता येत."

"बटणं कुणी लावली?"

"यांनी."

"त्या वेळी काय वाटलं?"

"राग आला."

"त्यांचं काही चुकलं?"

"काहीच नाही. प्रेमानेच लावली. म्हणून तर जास्त राग आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली."

बाईंनी तिच्या मुठीची गाठ सोडली. "तुला एका दिवसात हे झालं. तुझ्या वडिलांना दोन वर्षं रोज होत असेल, आणि ते कुणावर रागावणार? सून तर मायेनेच करते. तू ऊब विणलीस, यात शंका नाही. पण ती अंगावर घ्यायला त्यांना दर वेळी दुसऱ्याचा हात मागावा लागेल. त्यापेक्षा थंडी सोसणं त्यांना सोपं जातं. देणाऱ्याचे हात कुशल असले की घेणाऱ्याच्या हातांचा विसर पडतो, हेमांगी."

"मग मी काय करू?"

"ते मला नको विचारूस. त्यांना विचार."

"ते सांगतील?"

"तयार भेट घेऊन गेलीस तर नाही सांगणार. सुया आणि लोकर घेऊन जा."

हेमांगीने उजवी बाही उसवली, बटणपट्टी उसवली, आणि तो अर्धवट स्वेटर घेऊन ती भावाकडे गेली. तात्यांसमोर खुर्ची ओढून बसली.

"तात्या, माझं चुकलं. हा तुम्हाला एकट्याला घालता यायला हवा. कसा करू?"

तात्यांनी त्या उसवलेल्या लोकरीवरून डावा हात फिरवला.

"बटणं किती होती?" त्यांनी विचारले.

"नऊ."

"माणसाला तीन पुरतात."

मग ते बोलू लागले. बाही मनगटाशी सैल हवी, कारण दुखरा हात आधी घालावा लागतो. बटणे लाकडी आणि मोठी हवीत. काज नकोतच, लोकरीचे सैल फास करावेत, म्हणजे एका बोटाने ओढता येतील. ते डाव्या हाताने जागा दाखवत गेले आणि हेमांगी विणत गेली. दोनदा घालून पाहिला. दोन्ही वेळा काहीतरी अडले, आणि दोन्ही वेळा तात्यांनीच काय बदलायचे ते सांगितले. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी तात्या खोलीत एकटेच स्वेटर घालत होते. स्वयंपाकघरात चहा उकळला होता. आतून काही पडल्याचा आवाज आला. सवयीने वहिनी उठली. हेमांगीने तिचे मनगट धरले.

"बस, वहिनी."

"अगं, पण चहा निवेल त्यांचा."

"निवू दे."

चहा खरोखरच निवला. त्यानंतर तात्या बाहेर आले. स्वेटर अंगात होता, छाती झाकली होती. मधले बटण मात्र खालच्या फासात गेले होते आणि स्वेटरची एक बाजू वर चढली होती. ते नेहमीच्या जागी बसले.

हेमांगीने चहा पुन्हा गरम करून त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. ते बटण सरळ करायला तिचा हात पुढे झाला. तिने तो मागे घेतला, आणि आपला कप उचलून ती त्यांच्याजवळ बसली.