कणखर तार

फार जुनी नव्हे, केळुसकरांनी पाण्याच्या टाकीचा अलार्म घरीच जुळवला तेव्हाची गोष्ट. अलार्मच्या डब्यातल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे सगळं चालवणाऱ्या चिपला, आपल्या हुशारीचा भारी तोरा. करंट वाढला की फ्यूज वितळायचा आणि त्याचं काम ठप्प व्हायचं.

"काय ही नाजूक प्रकृती, फ्यूजराव!" तिसऱ्या खेपेला तो फिस्कारला. केळुसकरही वैतागलेच होते. नवा फ्यूज आणायचा सोडून त्यांनी तिथे तांब्याची जाड तार पिळून बसवली.

"अशी कणखर माणसं हवीत!" मायक्रोकंट्रोलर खूश झाला.

आठवड्याभरात करंट पुन्हा उसळला. मायक्रोकंट्रोलरच्या पोटातून धूर निघाला. "अगं, तूट ना लवकर!" तो किंचाळला.

तार ताठ मानेने म्हणाली, "तुटायला मी काय फ्यूज आहे?"

केळुसकरांनी डबा उघडला, तेव्हा आत तेवढी तीच शाबूत होती.