चिमामामीचा घास

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, विचारलंत तर मी काहीतरी ठोकून देईन. कोंडाच्या काठावर हे चिव्याच्या बांबूचं बेट दिसतंय ना, हातभर जाडीचं आणि आभाळाला टेकलेलं? ते तेव्हा नव्हतं. तिथे नुसता काळा कातळ होता, आणि कातळावर एक म्हातारी बसायची. एवढं धरून चाला.

गाव हेच, आंबेथर. नदी हीच, केळवी. पावसाळ्यात ती गुरं वाहून नेते आणि होळी झाली की आटून जाते. मग उरतो तो हा कोंड, नदीतला खोल डोह. सात खाटांचं सुंभ एकाला एक जोडून आत सोडलं तरी तळ लागला नाही, असं म्हणतात. होळीपासून मृगापर्यंत अख्खा गाव याच पाण्यावर जगायचा. माणसं, गुरं, पाखरं, सगळी.

ती म्हातारी म्हणजे चिमा भोईण. सगळा गाव तिला मामी म्हणायचा, कारण तिचा जावई तिला दिवसातून शंभरदा मामी म्हणून हाका मारायचा. मामी गरवायची, म्हणजे गळानं मासे धरायची. जाळं नाही, पाग नाही. काठी, दोरी आणि गरी. गरीला गांडूळसुद्धा लावायची नाही. रानकोंबड्याच्या मानेचं पीस आणि खंड्याचं गळलेलं निळं पीस घेऊन ती गरीला असं बांधायची की पाण्यावर टेकलं की पाखरूच बसलंय असं वाटावं. आणि दोरी? ती तिच्या स्वतःच्या केसांची वळलेली होती, असं म्हणतात. तरुणपणी तिचे केस घोट्यापर्यंत होते म्हणे. आता हसू नका. मी माझ्या आजोबांकडून ऐकलंय आणि आजोबा माझ्यापेक्षा बरेच कमी थापा मारायचे.

मामीला एकच लेक, मैना. तिचा नवरा गुणाजी घरजावई होऊन आला. मनानं सोन्यासारखा, पण घाई अशी की जेवायला बसला की पहिल्या घासाबरोबर पाणी पिऊन उठायला बघायचा. मामीनं त्याला तीन वर्षं गरवायला शिकवलं. पहिल्याच दिवशी तिनं कातळावर भाकरीचं फडकं सोडलं, पहिला तुकडा कोंडात टाकला, एक घास त्याला दिला आणि म्हणाली, "जावईबापू, काठी हातात धरली की तोंडात घास हवा. आणि तोंडातला घास गिळल्याशिवाय काठी उचलायची नाही."

गुणाजीला वाटलं, म्हातारीला खायची हौस आहे आणि सोबत हवी आहे. त्यानं मान डोलावली आणि ऐकलं नाही. पिसाला मासा नुसता शिवला की हा काठीला हिसका द्यायचा. लहान मासे कधी यायचे, मोठे कधीच नाही. मामी हसायची, भाकरी चावायची आणि तिकडे करवंदीत बुलबुलांचं भांडण चाललंय ते ऐकत बसायची. "मिळाला का मासा?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "दिवस मिळाला की." गुणाजीचं डोकं उठायचं.

पुढे मामीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि तिला दिसेनासं झालं. तरी ती कातळावर येऊन बसायची. पाण्याच्या आवाजावरून कुठला मासा कुठे फिरतोय ते सांगायची, असं म्हणतात.

त्याच वर्षी चैत्रात रघोजी खोताच्या लेकीचं लग्न ठरलं. खोताचे व्याही घाटावरचे बडे लोक. कोंडात एक खडस मासा होता, पुरुषभर लांब, पितळेच्या ताटलीएवढ्या एकेका खवल्याचा. गावात कुणी त्याच्या वाटेला जात नसे. तर खोताच्या ओसरीवर गोष्टी निघाल्या, आणि गुणाजी, नको तिथे तोंड उघडणारा आमचा गुणाजी, छाती पुढे काढून म्हणाला, "तो मासा ना? आठ दिवसांत तुमच्या अंगणात आणून टाकतो. मी चिमामामीचा जावई आहे!"

झालं. खोतानं व्याह्यांना निरोप धाडला, पंगतीला कोंडातला थोरला खडस असेल म्हणून.

आठ दिवस गुणाजी कोंडावर उभा राहिला. आठ दिवस त्यानं हिसके दिले. दोऱ्या तुटल्या, गऱ्या गेल्या, मासा हसत असावा. नवव्या दिवशी खोत म्हणाला, "राहू दे तुझी काठी. गेळ आणा रे!"

गेळाची फळं कुटून पाण्यात टाकली की मासे झिंगून वर येतात. एक मासा येत नाही, सगळे येतात, अगदी बोटाएवढी पिल्लंसुद्धा. आणि ते पाणी पुढे कुणाच्या तोंडाचं राहत नाही. पावसाला अजून दोन महिने होते. मैना सात महिन्यांची पोटुशी होती. गेळाची पाच पोती खोताच्या अंगणात पडली तशी बायका घागरी, कळशा, पातेली, मिळेल ते घेऊन कोंडावर धावल्या. दोन महिन्यांचं पाणी घागरीत कुठून मावणार? गुणाजीनं मैनेला डोक्यावर हंडा घेऊन चढण चढताना पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामीनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. ती मैनेच्या खांद्यावर हात ठेवून खोताच्या अंगणात गेली.

"खोत, एक दिवस द्या. उद्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. गरीला लागला तर मासा तुमचा. नाही लागला तर तुम्ही मुखत्यार."

"आणि गरवणार कोण, म्हातारे? तू? की हा तुझा हिसकेबहाद्दर?"

"जावईच गरवतील. पण आमची रीत आहे. ज्याला मासा हवा त्यानं काठावर बसायचं, दिवसभर. उठलात तर सौदा मोडला."

खोताला गंमत वाटली. म्हणाला, बसतो. पण माझी माणसं वर गेळ कुटत राहतील, मावळतीला उशीर नको.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मामी, गुणाजी आणि खोत, तिघं कातळावर बसली. मामीनं आपली काठी, केसांच्या दोरीसकट, गुणाजीच्या हाती दिली. मामीपाशी तिच्या हातच्या तीनच गऱ्या उरल्या होत्या. डोळे गेल्यावर नव्या कुठून बांधणार? वरच्या वाटेवर मुसळं सुरू झाली. धप्प, धप्प, धप्प. सगळा गाव काठापासून दूर, दरडीवर गप उभा होता.

"जावईबापू, आधी न्याहारी," मामी म्हणाली.

"मामी, आज न्याहारी कसली!" गुणाजीनं दोरी फेकलीसुद्धा.

उन्हं वर आली तेव्हा पाणी फुगलं आणि पिसाला काहीतरी शिवलं. गुणाजीनं हिसका दिला. टच्च! गरी गेली. दरडीवरून बायकांचा हुंदका ऐकू आला. खोत मिशीत हसला.

दुपारी सूर्य डोक्यावर आला. कातळ तव्यासारखा तापला. पुन्हा पाणी फुगलं, आणि या वेळी गुणाजीला तो दिसला. सोनेरी पाठ, तळहाताएवढा डोळा. गुणाजीच्या हातांनी आपलंच केलं. हिसका. टच्च! दुसरी गरी गेली.

धप्प, धप्प, धप्प.

एकच गरी उरली. ती दोरीला बांधायला गुणाजीला चार वेळा गाठ मारावी लागली. सूर्य कलायला लागला. खोताची दोन माणसं कुटलेल्या गेळाची टोपली घेऊन कोंडाच्या वरच्या अंगाला येऊन उभी राहिली.

"आता भाकरी सोडा," मामी म्हणाली.

गुणाजीचा बांध फुटला. "मामी, गाव तहानेनं मरायला आलाय! माझ्या पायी! मैना त्या उन्हात पाणी वाहतेय, आणि तुम्हाला भाकरी सुचतेय?"

"मैना माझी पण लेक आहे," मामी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "माझी छातीही धडधडतेय, जावईबापू. म्हणूनच म्हणते, सोडा."

गुणाजीनं डोळे पुसले आणि फडकं सोडलं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, कांदा. पहिला तुकडा त्यानं पाण्यात टाकला. मामीनं दुसरी भाकरी मोडली आणि अर्धी बाजूला, अंदाजानं, खोताच्या दिशेनं धरली. खोत सकाळपासून उपाशी होता, उठायची सोय नव्हती. भोयाच्या घरची भाकरी खोतानं खावी असे ते दिवस नव्हते. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि घेतली.

तिघं खायला लागली. गुणाजीला त्या घासाची चव लागली. तीन वर्षांत पहिल्यांदाच लागली म्हणा ना. पलीकडे करवंदीत बुलबुल भांडत होते. पाण्यावरून गार झुळूक आली, तिला शेवाळाचा वास होता. एक खंड्या सूर मारून खाली आला, नेम चुकला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना अशा थाटात फांदीवर जाऊन बसला. खोत फसकन हसला. मुसळं चालूच होती, पण गुणाजीचं लक्ष आता त्यांच्याकडे नव्हतं.

"आता टाका," मामी हळूच म्हणाली. "येतोय तो. भाकरीला यायची सवय आहे त्याला."

गुणाजीनं तोंडात मोठा घास घेतला आणि पीस पाण्यावर ठेवलं, फेकलं नाही, ठेवलं. पाणी फुगलं. तो आला. भाकरीचा तुकडा त्यानं टिपला, मग वळला आणि पीस ओठांत धरलं.

"ओढ! ओढ की रे!" खोतच ओरडला.

गुणाजीच्या तोंडात घास होता. त्यानं चावला. पीस पाण्याखाली गेलं. त्यानं आणखी चावला. दोरी सरकत होती, हळूहळू, मासा पीस तोंडात घोळवत खोल चालला होता. त्यानं घास गिळला. तेव्हाच मासा घराकडे वळला, आणि गुणाजीनं काठी उचलली.

लागला!

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. मोठा मासा पीस आधी ओठांत धरतो, चाखतो, आणि वळतो तेव्हाच गरी रुतते. त्याला वळायला लागतो तेवढाच वेळ एका घासाला लागतो. तीन वर्षं म्हातारी हेच शिकवत होती, आणि हा तिला खादाड समजत होता.

मासा उसळला. कोंडाचं पाणी दरडीपर्यंत उडालं, असं म्हणतात. केसांची दोरी वीणेच्या तारेसारखी वाजत होती. "जाऊ द्या त्याला," मामी म्हणत होती. "ओढू नका. हं, आता या माघारी." गुणाजी कोंडाच्या काठाकाठानं फिरला, गुडघे फुटले, हात सोलपटले. सूर्य डोंगराला टेकला. टोपलीवाल्यांनी टोपली उचलून कडेला तिरकी केली आणि खोताकडे पाहिलं. खोतानं हात वर करून त्यांना थोपवलं. सूर्य अर्धा बुडाला तेव्हा तो मासा कातळाच्या पायथ्याशी, वीतभर पाण्यात, दमून आडवा झाला.

गुणाजीनं गरी काढायला त्याच्या ओठाला हात लावला आणि थबकला. ओठाच्या कडेला भरून आलेल्या जखमांची रांग होती. एक, दोन, पाच, बारा, वीस.

"मामी," तो म्हणाला, "हा याआधीही लागलाय."

"दर चैत्रात एकदा भेटतो आम्ही, भल्या पहाटे, कुणी नसताना," मामी म्हणाली. चाचपडत ती पाण्यात उतरली आणि तिनं माशाच्या पाठीवर हात ठेवला. "मग मी त्याला सोडते. खाऊन एवढा मासा संपवायचा, आणि पुढच्या वर्षी मी कुणाची वाट बघायची?" मग तिनं खोताच्या दिशेनं तोंड वळवलं. तिचे डोळे भरले होते. "पण शब्द म्हणजे शब्द. खोत, मासा तुमचा."

सगळा गाव खोताकडे बघत होता. खोत पाण्यात उतरला, धोतर भिजलं तरी. माशाजवळ बसला. भाकरीचा शेवटचा तुकडा अजून त्याच्या मुठीत होता.

"मासा माझा ना, मामी?" तो म्हणाला. म्हातारे नाही, मामी.

"तुमचाच."

"मग माझा मासा मी माझ्या मर्जीनं ठेवीन. इथंच ठेवीन." त्यानं मुठीतला तुकडा पाण्यात सोडला आणि वर बघून गरजला, "ए! ती टोपली मागे घ्या! माझा मासा आहे या पाण्यात! गेळाचा एक दाणा पडला तर तुमची गाठ माझ्याशी!"

मामीनं पाठीवरचा हात उचलला. मासा वळला आणि निघून गेला. मैनेनं दरडीवर डोक्यावरचा हंडा खाली ठेवला आणि मटकन बसून रडली. व्याह्यांना पंगतीत कोंबडीवडे मिळाले, आणि खोतानं त्यांना ही सगळी गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मासा कुणी विचारलाच नाही.

गुणाजीनं त्या संध्याकाळी मामीची चिव्याची काठी कातळाच्या फटीत खोचून ठेवली. मृग बरसला आणि तिला कोंब फुटला, असं म्हणतात. तेच हे बेट. पुढे काही वर्षांनी मामी गेली, तेव्हा तेरा दिवस कोंडातल्या एकाही माशानं भाकरीला तोंड लावलं नाही, असंही म्हणतात. चौदाव्या दिवशी गुणाजी कातळावर बसला, रडत रडत घास गिळला, तेव्हा ते आले.

अजूनही चैत्रात एक दिवस आमच्या गावात चूल लवकर पेटते, भाकऱ्या होतात आणि सगळा गाव कोंडावर येऊन बसतो. पहिला तुकडा पाण्यात. त्या वर्षी गावात जो नवा जावई आलेला असेल, त्याला सासू कातळावर बसवते. बेटातली काठी हातात देते, दोरीला खंड्याचं पीस बांधते, गरी नसते. आणि मग स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात एवढा मोठा घास भरते. पाणी फुगतं, सगळे ओरडतात, "ओढ! ओढ!" जावई घामाघूम होतो. सासू काही बोलत नाही, बुलबुलांचं भांडण ऐकत बसते. त्यानं घास गिळून मग काठी उचलली, तर बायका म्हणतात, पोरगी सुखात राहील.

आणि हिसका दिला, तर पुढच्या चैत्रात पुन्हा बसवतात. माझ्या सासूबाईंनी मला चार वर्षं बसवलं.