तळघाटाची ओंजळ

पूर्वी चंपक नगरात पद्मकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य म्हणून जन्मले होते. त्यांचे नाव सुनेत्र.

नगराजवळून नीलवती नदी वाहत असे. तिच्या उगमाखालच्या डोंगरात एक काळा, जड दगड सापडला. त्याची पूड काचेत मिसळली की काच हिरवट पिवळी उजळे. राजाला महालाच्या सगळ्या खिडक्यांना तीच काच हवी झाली. त्याने सुनेत्रांना खाण सोपवली आणि उत्पन्नात वाटाही दिला. सुनेत्रांचे घर भरले. डोंगर मात्र अर्धा पोखरला गेला आणि चुऱ्याचे ढीग नदीकाठी वाढत राहिले.

त्या राज्यात एक रीत होती. शरदात पाणी निवळले की राजाने नदीची पहिली ओंजळ प्यावी, मगच प्रजेने घडे भरावेत. ही ओंजळ तळघाटावर, म्हणजे नदीच्या शेवटच्या गावात प्यायची. सगळ्यांच्या हातून जे पाणी खाली येते तेच राजाने प्यावे, असे जुन्या लोकांनी ठरवले होते. पण तळघाटाची वाट चिखलाची, आणि दरबारी माणसांना चिखल फार लवकर दिसतो. त्यांनी विधी उचलून खाणीच्या वर, उगमापाशी नेला. रीत तर पाळली जातच होती, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

एकदा चुऱ्यासाठी नवी जागा शोधत सुनेत्र तळघाटाला आले. पाणी पिवळट झाले होते. काठचे अर्जुनवृक्ष उभ्याउभ्या वाळले होते. मालुका नावाची कोळीण जाळ्यातले मेलेले मासे काढून फेकत होती. सुनेत्रांनी तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. तिने घडा मागे ओढला.

"नका पिऊ, धनी. आमच्या घरातलं कुणी धड राहिलं नाही यानं. माझी दोन लेकरं पोटातच गेली."

"मग तुम्ही काय पिता?"

"हेच."

खाणीच्या पैशातून घरात आलेले एकेक भांडे सुनेत्रांना आठवले आणि फार लाज वाटली.

त्या शरदात त्यांनी आग्रह धरून राजाची पालखी तळघाटावर आणवली. दरबारी कुरकुरत मागून आले. राजाने वाकून ओंजळ भरली. ती ओठांशी जाणार तोच सुनेत्रांनी त्याचे मनगट धरले. राजाच्या अंगाला हात लावणाऱ्याला देहदंड होता. रक्षकांनी तलवारी उपसल्या.

"महाराज, पिऊ नका. हे पाणी माझ्या खाणीवरून आले आहे. यात विष आहे."

"मग इथली माणसे काय पितात?"

"हेच. त्यांचा हात धरायला कोणी आले नाही."

राजाची ओंजळ सुटली. मग त्याने तलवारी म्यान करायला लावल्या आणि खाण बंद केली. सुनेत्रांनी आपले सारे धन तळघाटाला दूरच्या झऱ्याचे पाणी आणण्यात आणि चुरा पुन्हा डोंगराच्या पोटात पुरण्यात घातले. ते त्याच गावात राहिले. डोंगर काही पुन्हा उभा राहिला नाही. नीलवती निवळलेली त्यांना पाहायला मिळाली नाही, मालुकेलाही नाही.

तेच बोधिसत्त्व पुढे बुद्ध, म्हणजे शास्ते, झाले; त्यांनी ही कथा सांगितली ती एका गावाच्या वरच्या अंगाला नदीत आपली वस्त्रे, चीवरे, रंगवणाऱ्या भिक्षूंना. ते म्हणाले, "तेव्हाचा पद्मकेतू म्हणजे तुमच्यातला हा उत्पलक. मालुका म्हणजे खालच्या घाटावर रिकामा घडा घेऊन थांबलेली ती बाई. आणि ज्याच्या खाणीने तिची लेकरे नेली, तो सुनेत्र मी होतो."

भिक्षूंनी चीवरे पाण्याबाहेर काढली. आपल्या हातून पुढे जाणारे पाणी कोण पिणार आहे हे आधी पाहावे, यालाच शास्त्यांनी करुणा म्हटले.