कोठाराच्या दारावरचा चिखल

एका गावात भिवरा नावाची एक कुंभारीण राहत होती. त्या गावानं तिच्याशी जे केलं, ते सांगताना आजही सांगणाऱ्याचं डोकं तापतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. शेजारच्या गावी देवीची जत्रा भरली होती, म्हणून धडधाकट माणसं सगळी तिकडे गेलेली. गावात उरले म्हातारेकोतारे, लहान मुलं आणि भिवरा. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. येत्या हंगामासाठी तिनं मातीचा मोठा ढीग भिजवून, तुडवून तयार ठेवला होता. तो तसाच टाकून जायला तिचं मन होईना.

भर दुपारी कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. गंजीला लागूनच गावाचं कोठार होतं. पावसाळाभर साऱ्या गावानं जे खायचं, ते धान्य त्या एका कोठारात होतं. आड लांब, पाणी खोल. घागरीनं पाणी आणून ती आग विझणार नव्हती. भिवरानं एकदा ज्वाळांकडे पाहिलं, एकदा आपल्या मातीकडे पाहिलं, आणि ओल्या मातीची पाटी डोक्यावर घेऊन ती धावत सुटली.

कोठाराचं दार, दाराच्या फटी, झरोके, बाहेर आलेली वाशांची टोकं, सगळीकडे तिनं मातीचे जाड थर थापले. पाटी रिकामी झाली की पुन्हा धावायची. ज्वाळा भिंतीपर्यंत येत आणि ओल्या मातीवर चरचरून मागे फिरत. अखेर पुढच्या पडवीचं जळतं लाकडी आढं कोसळलं आणि भिवरा त्याखाली सापडली. तिचा उजवा हात निखाऱ्यांत होता.

मेंढरांमुळं जत्रेला न गेलेला गावातला बिरा मेंढपाळ धूर पाहून रानातून धावत आला होता. त्यानं आढं पायानं रेटलं, भिवराला ओढून काढलं, खांद्यावर टाकलं आणि ओढ्याच्या पाण्यात नेऊन ठेवलं. तिथं ती शुद्धीवर आली.

कोठार वाचलं. आतला दाणासुद्धा जळला नाही.

संध्याकाळी गाव परतलं. पाटलांनी कोठार पाहून हात जोडले. "देवीनंच राखलं रे बाबांनो!" मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "नव्या सागवानी दाराला हा चिखल कुणी फासला?"

"भिवरानं," कुणीतरी म्हणालं.

"मग तिलाच म्हणावं, खरवडून काढ."

ऐकलंत ना? ज्या हाताची कातडी सोलवटून गेली होती, त्या हातानं तिनं दार खरवडायचं! आणि एवढ्या मोठ्या जमावातल्या एकाच्याही तोंडून "अहो पाटील, असं काय बोलता?" एवढे शब्द निघाले नाहीत.

पुढं गावानं भंडारा घातला. पाटील जत्रेत देवीला नवस बोलले म्हणूनच कोठार वाचलं, असं ठरवून त्यांना मानाचा फेटा बांधला. भिवराला शेवटच्या पंगतीत बसवलं, तेव्हा आमटी संपली होती. ती उठली आणि उपाशीच घरी गेली.

त्या दिवसापासून भिवरा आतून जळू लागली. दारात येईल त्याला ती तीच गोष्ट सांगे. "साऱ्या गावाला जगवलं मी, आणि माझ्या वाट्याला काय आलं?" तिचा राग खोटा नव्हता. पण तो राग दिवसभर तिच्यासोबत बसे आणि अंथरुणातही तिला सोडत नसे. झोप उडाली. छातीत जळजळ होई. घास तोंडात घोळत राही. दात सारखे आवळलेले, त्यामुळे कानशिलं ठणकत. वैद्यानं मलम दिलं, जखम भरली, पण बोटं उघडेनात. "रोज थोडी थोडी उघडमीट कर," वैद्य सांगे. ती मात्र मूठ वळूनच बसलेली असे. चाक कोपऱ्यात धूळ खात पडलं.

लोक म्हणत, "जाऊ दे ना भिवरा, विसर आता." कोण म्हणत होते हे? ज्यांच्या चुलीवर त्याच कोठारातलं धान्य शिजत होतं ते!

असं वर्ष होत आलं. एक दिवस सकाळी बिराची बायको ठकू ताकासाठी मडकं घ्यायला आली. भिवराकडे जुनी मडकी थोडी शिल्लक होती. मडकं हातात देता देता तिनं नेहमीची गोष्ट सुरू केली. आग, माती, दार, फेटा, आमटी. ठकू उभ्यानं ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता मी विचारते. त्या आगीतून तू बाहेर कशी आलीस, भिवराक्का?"

"बिरानं काढलं ना मला."

"काढलं ना? मग त्याचं काय झालं ते कधी विचारलंस? जळतं आढं पायानं रेटलं त्यानं. घोटा कायमचा गेला. चढण चढवत नाही, म्हणून निम्मी मेंढरं दिराच्या स्वाधीन केली आम्ही. तू याच गावात राहतेस. आमच्या दारावरून पाण्याला जातेस. एकदा तरी डोकावलीस?"

"मी... मी बेशुद्ध होते गं तेव्हा."

"वर्षभर बेशुद्ध होतीस?"

ठकूनं मडकं जागेवर ठेवलं. "गाव तुला विसरलं म्हणून तू साऱ्या जगाला सांगतेस. आणि खरंच, गाव चुकलंच. पण माझ्या नवऱ्याला विसरली ती तूच ना?" एवढं बोलून ती तरातरा निघून गेली.

भिवराला आधी भयंकर राग आला. ही कोण मला सांगणारी? हात माझा भाजला, माती माझी गेली! तिनं दार लावून घेतलं. पण बंद दारामागे तिला तो दिवस पुन्हा आठवू लागला, आणि या वेळी आढं कोसळण्यापाशी आठवण थांबली नाही. धुरात शिरलेले दोन हात आठवले. "आक्का, धीर धर, धीर धर," असं धापा टाकत म्हणणारा आवाज आठवला. ओढ्याचं गार पाणी आठवलं. वर्षभर ती गोष्ट सांगत होती आणि त्यातला हा भाग रोज गाळत होती.

दार उघडून ती तडक बिराच्या झोपडीकडे निघाली.

बिरा अंगणात लोकर पिंजत बसला होता. भिवरा त्याच्यासमोर उभी राहिली. ती म्हणाली, "बिरा, मी जिती आहे ती तुझ्यामुळं. हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं."

बिरानं वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. "आक्का, पाय गेल्याचं एवढं वाटलं नाही गं. पण मनात यायचं, आपण केलं ते कुणाला दिसलंच नाही का?"

हेच तर भिवराचं दुखणं होतं! तेच शब्द, तीच कळ. ती तिथंच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. ठकूनं भाकरी आणि ताक पुढं केलं. कितीतरी दिवसांनी भिवराला भाकरीची चव लागली. जेवण होताच तिथंच घोंगडीवर तिला अशी गाढ झोप लागली की मेंढरांच्या गलक्यानंही जाग आली नाही.

पुढं तिनं एक नेम धरला. रोज दिवस मावळायच्या आत, ज्याचं आपण काही देणं लागतो अशा एकाला तरी ते तोंडानं सांगायचं. वैद्याला ती म्हणाली, "तुम्ही मलम दिलंत, मी मात्र तुमचं ऐकलं नाही." तिच्या दारात मुकाट्यानं सरपण टाकून जाणारी शेजारीण तिनं पहिल्यांदा नीट पाहिली. आपल्याभोवती इतकी माणसं आहेत, हे तिला ठाऊकच नव्हतं. छातीतली जळजळ हळूहळू ओसरली. दात आवळणं थांबलं. मूठ सैल पडली, तसा बोटांचा व्यायामही जमू लागला. अंगठा पुरता वळेना, पण चाक फिरलं आणि त्यावर वेडीवाकडी का होईना, एक पणती उभी राहिली.

मग पुन्हा जत्रेचे दिवस आले आणि गावानं भंडारा घातला. गाव जमलं. फेटा सावरत पाटील म्हणाले, "बघा रे, भिवरानं राग सोडला आणि कशी ठणठणीत झाली! माणसानं असं समाधानी असावं. मागचं उगाळू नये."

लोकांनी माना डोलावल्या. भिवरा मात्र उभी राहिली.

"पाटील, राग कुणी सोडला? ज्यांचे उपकार होते त्यांचे मी मानले, म्हणून मला झोप लागायला लागली. पण मी बरी झाले म्हणून तुम्ही सुटला नाहीत. उपकार मानणं म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. गावासाठी या बिराचा पाय गेला, माझा हात गेला. पावसाळाभर तुम्ही ते धान्य खाल्लंत. कुणाच्या घशात अडकलं नाही?"

पंगतीत कुणाचा हात हलेना. मग एक म्हातारी काठी टेकत उठली. आगीच्या दिवशी ती नातवंडांना घेऊन कोठारासमोरच्या घरातच होती. तिनं सारं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गप्प बसली होती. तिनं भिवराचा भाजका हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मग बिरापुढं वाकली. "लेकरांनो, मी पाहिलं होतं रे. बोलले नाही. त्या दिवसापासून घास गोड लागला नाही मला."

तिच्यामागून एकेक माणूस उठू लागला. कुणी मातीच्या पाट्या वाहून द्यायचं कबूल केलं, कुणी बिराची मेंढरं चढणीवर न्यायचं. सगळ्यांत शेवटी पाटील उठले. जमिनीकडे बघत पुटपुटले, "चुकलं आमचं."

"ऐकू आलं नाही, पाटील!" ठकू मागून ओरडली.

पाटलांनी मान वर केली, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते पुन्हा म्हणाले.

तात्पर्य: ज्यानं आपल्यासाठी केलं त्याला ते वेळेवर बोलून दाखवावं, त्यानं त्याचं मन निवतं आणि आपल्याही अंगाला अन्न लागतं. मात्र उपकार विसरून ज्याच्यावर आपण अन्याय केला, त्यालाच समाधानी राहायला सांगणं, यासारखा दुसरा कृतघ्नपणा नाही.