साळूबाईची पहिली पाटी

फार वर्षांपूर्वी, वाकी नदीवर पूल नव्हता आणि आडगव्हाणला सडक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावाला भांडायला तेव्हा एकच कारण होतं. आताच्यासारखी छप्पन्न कारणं नव्हती. ते कारण म्हणजे पाटीलकी.

झालं होतं असं. गावच्या जुन्या पाटलाला दोन बायका. थोरलीला मूल होईना म्हणून त्यानं धाकटी केली. धाकटीला मुलगा झाला, आणि तो पाळण्यात असतानाच थोरलीलाही मुलगा झाला. आता पाटीलकी कोणाची? थोरलीच्या मुलाची, की आधी जन्मलेल्या मुलाची? म्हातारा पाटील होता तोवर हे कुणी विचारलं नाही, आणि तो गेल्यावर गावानं दुसरं काही विचारलं नाही. थोरलीचा रंगोजी म्हणे, पाटील मी. धाकटीचा सुभानजी म्हणे, पाटील मी. भाऊबंदांचं गोत बसलं, गोत उठलं, निकाल लागला नाही. मग दावा कसब्याच्या कचेरीत गेला, आणि तिथं एकदा गेलेली गोष्ट लवकर घरी येते का?

भांडण त्या दोघांपुरतं असतं तर गावाला मजाच होती. पण आडगव्हाणची एक रीत होती. पावसाळा सरला, नदी ओसरायला लागली की सगळं गाव मिळून नदीवर मातीचा बांध घाली; तो पुढल्या पुरात वाहून जाई. बांधानं पाणी अडे, पाटातून शेतात जाई, त्यावर गहू-हरभरा होई. आणि त्या बांधावर पहिली पाटी माती टाकायचा मान पाटलाचा. पाटलाची पाटी पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी एक ढेकूळ टाकायचं नाही. ही रीत मोडली तर नदी कोपते, असं म्हणतात.

पाटील गेला त्या वर्षी दोघे भाऊ डोक्यावर मातीची पाटी घेऊन नदीत उतरले. हा टाकायला गेला की तो हात धरी, तो टाकायला गेला की हा. गाव काठावर पाट्या भरून उभं. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली, आणि पाणी आपलं खुशाल खालच्या गावाला निघून गेलं. तेव्हा काठावर एवढी शहाणी माणसं उभी होती, पण पाटी खाली ठेवा रे बाबांनो असं एकालाही सुचलं नाही. त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. गुरं पाहुण्यांच्या गावी धाडावी लागली, आणि पाहुण्यांनी टोमणे मारले ते वेगळेच.

दुसऱ्या वर्षी नदी ओसरायला लागली तसं गावानं कचेरीत जाऊन हातापाया पडून न्यायाधीशालाच गावात आणलं. तो भला माणूस होता. चिंचेखाली बसून म्हणाला, "दावा मोठा आहे, वेळ लागणार. तोवर दोघांनाही चालेल असा कुणी तिसरा पाटील नेमू. चार दिवसांचा प्रश्न आहे."

गुरवाचं नाव निघालं. सुभानजी म्हणाला, "त्यो थोरल्यांच्या घरचा निवद खातुया." लोहाराचं नाव निघालं. रंगोजी म्हणाला, "त्यो धाकट्यांचं फाळ आदी पाजवतो." जोशीबुवांचं नाव निघालं, तर त्यांची बायको पाणवठ्यावर कुणाशी जास्त बोलते यावरून दोन्हीकडून आरडाओरड सुरू झाली. गावात माणूस उरेना.

त्या चिंचेच्या पलीकडच्या अंगाला साळूबाई भडभुंजीची भट्टी होती. ही साळूबाई म्हणजे गावाची लाहीवाली. विधवा बाई, ना मूल ना बाळ. तिच्या कढईतली वाळू जितकी तापायची त्याहून तिची जीभ जास्त तापायची. गावात एक माणूस असा नव्हता की ज्यानं तिच्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या, आणि एक पोर असं नव्हतं की ज्यानं तिच्या लाह्या फुकट खाल्ल्या नव्हत्या. त्या दिवशी ह्या गोंगाटात तिचं लक्ष उडालं आणि घाणाभर लाह्या करपल्या. झालं! हातात झारा घेऊन ती तरातरा चिंचेखाली आली.

"आरं मेल्यांनो, बापाची पाटीलकी पायजे व्हय? बापानं गाव राखला, तुमी नदी घालवली! हरबरा न्हाय तर मी भट्टीत काय टाकू, तुमच्या मिश्या?" मग न्यायाधीशाकडे वळून म्हणाली, "आन तू रं लेकरा? येवढा लांबनं आलास त्यो ह्यांचं रडगाणं ऐकाया?"

न्यायाधीशानं रंगोजीला विचारलं, "ही बाई कोणाच्या बाजूची?"

"हिला कसली बाजू, सरकार! मला बगितलं की शिव्या देती."

"आणि तुम्हाला?" त्यानं सुभानजीला विचारलं.

"मला न बगताबी देती."

"म्हणजे ही दुसऱ्याच्या बाजूची आहे, असं तुम्हा दोघांपैकी कुणाचं म्हणणं नाही?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच दोघांची मान एकाच वेळी, एकाच बाजूला हलली. आणि अशा रीतीनं, निकाल लागेपर्यंत, साळूबाई भडभुंजी आडगव्हाणची पाटील झाली. ती नको नको म्हणत होती, भट्टी कोण बघेल म्हणत होती. न्यायाधीश घोड्यावर बसता बसता म्हणाला, "आजी, चार दिवस." गावानं हसून तिचं नाव ठेवलं, चार दिवसांची पाटलीण.

दुसऱ्या दिवशी साळूबाई पाटी घेऊन नदीवर निघाली. तर काठावर पुन्हा भांडण! पहिली पाटी साळूबाईची, कबूल. पण दुसरी कोणाची? पहिलीच्या खालोखाल मान दुसरीचा. रंगोजी पाटी घेऊन उभा, सुभानजी पाटी घेऊन उभा. पुन्हा तेच. म्हातारे डोक्याला हात लावून बसले, बाया रडायला लागल्या. पाणी ह्याही वर्षी गेलं तर गाव उठणार, हे सगळ्यांना कळत होतं. साळूबाईनं हातातल्या पाटीकडे पाहिलं, दोघा भावांकडे पाहिलं, आणि बुरुडाला हाक मारली.

"हैबती, ही पाटी ल्हान हाय. मला मोठी करून दे."

"केवढी करू, आजी?"

तिनं झारा उचलून ह्या काठाकडे दाखवला, मग त्या काठाकडे दाखवला. "येवढी!"

हैबती बुरूड तिला घाबरत होता म्हणून वेळूच्या बेटाकडे पळाला. त्याच्यामागे गाव पळालं. वेळू तोडले, कामट्या काढल्या, आणि हैबती विणत सुटला. असं म्हणतात, त्याचे हात दिसत नव्हते, नुसत्या कामट्या आपोआप एकमेकींत शिरताना दिसत होत्या. असं म्हणतात, पाटीचा एक काठ नदीच्या ह्या तीरावर आणि दुसरा त्या तीरावर टेकला, आणि मधून नदी वाहत होती. मी काही बघायला गेलो नव्हतो. पण ज्याला खोटं वाटतं त्यानं अशी पाटी विणून दाखवावी.

मग साळूबाई ओरडली, "भरा माझी पाटी!"

रंगोजीनं विचारलं, "पर पयल्यांदा माती कुनी घालायची?"

"कुनीबी घाल. पाटी भरणाऱ्याला कुटं मान असतो? मान टाकणाऱ्याला. तुजा बाप पाटी टाकायचा तवा ती भरून कोन द्यायचं, ठावं हाय?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. रीतीत तसं काही नव्हतंच. मग काय, अख्खं गाव तुटून पडलं. माती, दगड, काटक्या, पेंढा. रंगोजीनं टाकली, सुभानजीनं टाकली, आधी कोण नि नंतर कोण हे बघायला कुणाला सवड नव्हती. पाटी काठोकाठ भरली. साळूबाईनं तिच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाली, "टाकली!"

नदी पाटीपाशी येऊन थबकली. जराशी फुगली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि निमूट पाटात शिरली. सगळा बांध म्हणजे एकच पाटी होती, आणि ती पाटलाची होती. दुसरी पाटी उरलीच नाही. त्या वर्षी हरभरा असा आला की साळूबाईला कढई पुरेना.

चार दिवस सरले, चार महिने सरले, वर्षं सरली. साळूबाई चावडीवर कधी बसली नाही. तंटा आला की दोघांना भट्टीसमोर बसवायची, कढईत साळी टाकायची आणि म्हणायची, "लाह्या फुटस्तवर तोंड उगडायचं न्हाय. मंग भांडा." लाह्या फुटून होईतो निम्मं भांडण विरायचं, उरलेलं खाण्यात जायचं.

इकडे दोघे भाऊ कचेरीत तारखेला जात होते. पहिल्यांदा दोन वाटांनी जात. मग एका वाटेनं, पण मागे-पुढे. मग पावसात एकाची गाडी रुतली आणि तेव्हापासून एकाच गाडीतून. साळूबाई दोघांना मिळून एकच लाह्यांचं गाठोडं बांधून द्यायची, वर शिव्या द्यायची. दोघांना ते आवडायला लागलं होतं. नुसते शिव्या खायला जवळ बसत नव्हते, तर न बोलता एकमेकांना जीव लावून बसले होते. पण कबूल कोण करणार? दावा चालू होता ना.

आणि एक दिवस निकाल लागला. पाटीलकी रंगोजीची.

कचेरीतला नवा तरुण न्यायाधीश निकाल सांगून मोकळा झाला. रंगोजीनं फेटा सावरला, हात जोडले आणि म्हणाला, "सरकार, मला ह्यो निकाल मान्य न्हाय."

"अहो, तुम्ही जिंकलात!"

"त्येच तर. माजी तक्रार हाय. आता साळूबाईला काय सांगू?"

सुभानजी घाईनं पुढे आला. "आन मी हारलो, म्हणून मलाबी मान्य न्हाय. पर ह्याची तक्रार हाय तशी माजीबी घ्या. मी काय मागं राहनार न्हाय."

तरुण न्यायाधीश कपाळाला आठ्या घालून बसला. आतल्या दालनात तोच जुना न्यायाधीश होता, आता पांढऱ्या मिशांचा. तो बाहेर आला, सगळं ऐकलं, आणि कचेरीच्या खांबाला धरून हसला. "दावा पुन्हा उभा राहील," तो म्हणाला. "तारीख पुढल्या सालाला. तोवर व्यवस्था आहे तशीच."

दोघे गावी आले. साळूबाईनं ऐकलं आणि त्या दिवशी तिनं जन्मात दिल्या नव्हत्या एवढ्या शिव्या दिल्या. मेल्यांनो, एक साधा निकाल लावून घेता येत न्हाय! तिला फार फार आनंद झाला होता. आणि त्या दिवशी गावानं लाह्या खाल्ल्या त्या फुकट.

पुढे एका हिवाळ्यात साळूबाई गेली. बांध तेव्हा उभा होता. पण पुढल्या वर्षी नदी ओसरली, हैबतीनं पाटी विणली, गावानं ती भरली, आणि काम तिथंच अडलं. आता पाटीच्या काठावर हात कोण ठेवणार?

रंगोजी म्हातारा झाला होता. त्यानं सुभानजीला विचारलं, "निकाल लागलाय का रं?"

"न्हाय अजून."

"मंग पाटील कोन?"

सुभानजी म्हणाला, "साळूबाई."

आणि असं म्हणतात, त्याच घडीला चिंचेखालच्या थंड भट्टीतून, जिथं कित्येक महिने विस्तव नव्हता, लाह्या फुटल्याचा तडतड आवाज आला. सगळ्या गावानं ऐकला. नदी थबकली आणि निमूट पाटात शिरली.

आजही आडगव्हाणला सरपंच निवडून येतात, पडतात, पुन्हा उभे राहतात. त्यांचं चालू दे. पण नदी ओसरली की दोन्ही घरांतला एकेक माणूस चिंचेखाली जातो. भट्टीच्या दगडावर मूठभर लाह्या ठेवतो. दोघे मिळून हाक मारतात, "साळूआजी, तारीख द्या!" आणि मागे उभी असलेली गावातली सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "पुढल्या सालाला!"

मग सगळे मिळून पाटी भरायला जातात. दावा अजून चालू आहे, आणि तो निकाली निघेपर्यंत आडगव्हाणची पाटील साळूबाईच.