पालथ्या ताटाची कहाणी

ऐका बायांनो, शब्बाथाच्या घासाची कहाणी.

आटपाट नगर होतं, पण ते आपलं नव्हतं. राजा परका, नदी परकी. यरुशलेम जळलं तेव्हा धरून आणलेली आपली माणसं तिथं राहत. त्यांत हिल्किया नावाचा लेखक होता. मिल्का त्याची बायको, तिर्सा सहा वर्षांची एकुलती लेक. तिर्साला ताप भरला. आठ दिवस झाले, उतरेना. हिल्किया फार वाचलेला, म्हणून त्याला भीतीही फार. त्यानं वाचलं होतं, सात दिवस अन्न वर्ज्य करावं, माळावरची फुलं तेवढी खावीत. मग देवदूत येतो, विचारलेलं सांगतो.

"लेक जगेल का, एवढंच विचारीन," म्हणाला.

मग रविवारी उपास धरला. शुक्रवारी दिवस मावळला, शब्बाथ लागला, देवाच्या विसाव्याचा दिवस. मिल्कानं दिवा आधीच लावला होता. जवाची भाकर वाढली, मसुरीचं कालवण वाढलं. हिल्कियानं ताट पालथं घातलं.

"अहो, शब्बाथाला कुणी उपाशी राहतं का?"

"सात म्हणजे सात, मिल्के. एक दिवस गाळला तर मोडेल."

"फुलं खाऊन गाय दूध तरी देते. तुम्ही काय देणार?"

शनिवारी तो वेशीलगतच्या माळावर गेला. मग देवदूत आला. डोळे निखाऱ्यासारखे, आवाज पुराच्या पाण्यासारखा. हिल्किया पालथा पडला. "लेक जगेल का?" दूतानं नुसतं बोट दाखवलं. माळाच्या जागी समुद्र दिसला, तो फाटला, आत डोंगराएवढा मासा. "हा शेवटच्या दिवशी सज्जनांच्या पंगतीला वाढायचा आहे." मासा हिल्कियाकडे बघत राहिला.

मग दुसऱ्या आठवड्यात उपास धरला. शुक्रवारी ताट पालथं घातलं. शनिवारी दूत आला. आता पंगतच दिसली, आकाशाच्या कडेपर्यंत. सगळी ताटं उजळ, एक पालथं.

"हे कुणाचं?"

"तूच ओळख," दूत म्हणाला.

हिल्किया घरी आला. वाटलं, उपास कमी पडला. मग तिसऱ्या आठवड्यात उपास धरला. शुक्रवारी ताट पालथं घातलं. तिर्सा अंथरुणातून बघत होती. तिनं आपली पेजेची वाटी पालथी घातली.

"मी बाबांसारखी."

दुसऱ्या दिवशीही तिर्सा तोंड उघडेना. मिल्काला रडू फुटलं. "शब्बाथाला रडू नये म्हणतात. तेही करायला लावलंत."

हिल्किया माळावर पळाला. दूत आला. तीच पंगत. पालथ्या ताटाशेजारी एक पालथी वाटी.

दूतानं विचारलं, "ताट कुणी पालथं घातलं?"

"मी."

"वाटी कुणी घातली?"

"लेकीनं."

"तिला कुणी शिकवलं?"

"मी."

"दिवस मावळला का?"

"नाही. वीतभर उरलाय."

"मग इथं का उभा?"

मग तो धावला. घरात शिरला, ताट सुलटं केलं. "मिल्के, वाढ." तिनं कालची भाकर वाढली. त्यानं घास पाण्याबरोबर उतरवला. तिर्सा बघत होती.

"बाबा, उपास सुटला?"

"चुकला होता, बाळ. आता सुटला."

मग तिनं वाटी सुलटी केली. पेजेचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, तिसरा मागून घेतला. दिवस मावळता मावळता कपाळाला घाम फुटला. ताप उतरला.

हिल्कियानं पुन्हा काही विचारलं नाही. पण दर शुक्रवारी तीन तीनदा उठून ताटं बघायचा. मिल्का म्हणायची, "सुलटीच आहेत, बसा आता."

तर बायांनो, उपास धरावा, शब्बाथाला सोडावा, लेकरासमोर ताट पालथं घालू नये. त्या पंगतीत आपलं ताट कसं मांडलंय, मला ठाऊक नाही. म्हणून आज पोटभर जेवा. तिर्साच्या वाटीला जसा घास लाभला, तसा तुमच्या आमच्या लेकरांना लाभो. ही साठ प्रश्नांची कहाणी, एका घासात सुफळ संपूर्ण.